परवडणारं घर

१२ जानेवारी

ताई,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागदावर लिहितेय. पाकिटावरचं अक्षर ओळखून न वाचताच फाडणार असशील, तर निदान एवढं वाच: बाबांचा चष्मा दुरुस्तीला टाकला होता, त्याची पावती माझ्या जुन्या तपकिरी पर्समध्ये आहे. निघायच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं. आता पुढचं नाही वाचलंस तरी मी लिहिणार आहे.

मला इथे येऊन तीन आठवडे झाले. नोकरी सांगितली होती तशीच निघाली. इमारत बांधायच्या आधी तिची छोटी प्रतिकृती करून गिऱ्हाइकांना दाखवतात ना, ती करायचं काम. एक लांबलचक खोली, सहा टेबलं, पातळ फळ्या कापायचं मशीन, आणि सगळ्यांच्या बोटांना चिकटपट्ट्या. पट्टी नसलेली मी एकटीच. सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, एवढं नेमकं कापायला कुठे शिकलीस? मी म्हटलं, वडील लेथवर होते, शाळेत फूटपट्टी मिळायच्या आधी त्यांनी माझ्या हातात केसाएवढं मोजणारा व्हर्निअर दिला होता. सर हसले. मला मात्र बाबांचे आताचे हात आठवले आणि पुढचा तुकडा वाकडा कापला गेला.

सध्या एक बावीस मजली इमारत चालू आहे. जाहिरातीत लिहिलंय, 'तरुण नोकरदारांसाठी, शहराच्या अगदी मध्यावर'. प्रत्येक बाल्कनीत मी पावणेदोन सेंटिमीटरची माणसं चिकटवते. कुणाच्या हातात कप, कुणाच्या मांडीवर लॅपटॉप. दिवसभर लोकांना घरं देते आणि संध्याकाळी वसतिगृहात सहाव्या पलंगावर जाऊन पडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घर शोधतेय. हट्ट एवढाच, की ऑफिसच्या आसपास असावं. हा भाग तुला आवडला नसता, मला फार आवडतो. एका रस्त्यावर अकरा कॉफीची दुकानं, दोन पुस्तकांची, फुटपाथवर गिटार घेऊन बसणारा एक दाढीवाला, आणि सगळीकडे माझ्याच वयाची माणसं, गळ्यात ओळखपत्र अडकवून भराभरा चालणारी. कुणी कुणाला ओळखत नाही. त्यामुळे घरी कोण कोण असतं, असंही कुणी विचारत नाही.

एजंटचं नाव मी 'होऊन जाईल' ठेवलंय. नळाला पाणी नाही? होऊन जाईल. खिडकी उघडत नाही? होऊन जाईल. आतापर्यंत दहा जागा दाखवल्या. एकीत पलंगावर बसूनच स्वयंपाक करता येतो, म्हणजे दुसरीकडे बसायला जागाच नाही. एकीची खिडकी लिफ्टच्या बोगद्यात उघडते, दर दोन मिनिटांनी कुणीतरी खालून वर जातं. एका ठिकाणी तर पलंग पाळीवर होता: रात्री एक मुलगी, दिवसा दुसरी. मी विचारलं, आणि रविवारी? होऊन जाईल. दहावी जागा खरंच चांगली होती, पण भाडं ऐकून मी जिन्यातच बसले. आई म्हणायची, अंथरूण पाहून पाय पसरावेत. इथे अंथरुणाचंच भाडं झेपत नाही.

बाबा कसे आहेत?

निघताना तू म्हणालीस, 'त्यांनी जा म्हटलं आणि तू निघालीस, दोघं एकाच माळेचे मणी.' त्यावर मी तेव्हा काही बोलले नाही. आताही नाही.

तुझी,
वायसर

(बाबांनी ठेवलेलं नावच लिहितेय. आई आणि तू भांडायला लागलात की नट-बोल्टच्या मधल्या चकतीसारखी मी मधे येऊन बसायचे. आता तुझ्या आणि बाबांच्या मधे कोण बसतं?)


३ फेब्रुवारी

ताई,

घर मिळालं! एजंटचं 'होऊन जाईल' एकदाचं होऊन गेलं.

तिसरा मजला. ऑफिसपासून चालत सात मिनिटं. माझ्या खोलीला दोन खिडक्या, एक कपाट, आणि त्याचं दार चक्क लागतं. बाल्कनी त्याच अकरा कॉफीवाल्या रस्त्यावर आहे. खाली गिटारवाला सुरू झाला की वर भांडी घासताना माझा हात तालात चालतो. भाडं किती ते लिहीत नाही, तुला खरं वाटायचं नाही. ऑफिसातली माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, एवढ्या कमी भाड्यात म्हणजे घरात भूत असणार.

भूत नाही. घरमालकीणबाई आहेत. पूर्वी मुलांना पोहायला शिकवायच्या, अर्धं गाव त्यांच्या हाताखालून पाण्यात पडलंय, म्हणून सगळे त्यांना कोचबाई म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. आवाज अजून तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. लेक परदेशात. त्या याच इमारतीत राहतात. त्यांना शांत, वेळेवर घरी येणारी भाडेकरू हवी होती, म्हणून भाडं कमी. दुसरं काही कारण नाही.

एक अट मात्र आहे, संध्याकाळी साडेसातच्या आत घरी यायचं. जुन्या वळणाच्या आहेत. त्यामुळे शुक्रवारी ऑफिसची मंडळी खालीच कोपऱ्यावर जमतात तेव्हा मी त्यांना बाल्कनीतून पाहते. परवा तिघं हसत हसत खालून गेली. मी हात केला नाही. क्लास लावलाय असं मी त्यांना सांगून ठेवलंय. वरून सगळं छान दिसतं पण.

ताई, माझ्या नावाने घर आहे. कधी या बाजूला आलीस तर उतरायला जागा आहे, हे वाक्य लिहायला किती बरं वाटतं तुला सांगू.

वायसर


९ मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. पाच ओळी. पाठ झाल्यात.

'बाबांच्या उजव्या हातात आता चमचा राहत नाही. चष्मा मिळाला. हॉस्पिटलच्या औषध विभागातली जागा मी नाकारली, बाबांना सोडून दुसऱ्या गावी कशी जाणार. बाबांशी मी कामापुरतंच बोलते, तुला जा म्हणताना त्यांनी माझा विचार केला नाही. घर मिळालं, छान.'

ती हॉस्पिटलची जागा तुला किती हवी होती ते मला माहीत आहे. आठ वर्षं तू त्या औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी आहेस. त्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून सुचतं ते लिहिते.

चमच्याच्या मुठीला स्पंज गुंडाळून वर दोरा बांध, जाड मूठ हातात टिकते. अंघोळीला स्टूल ठेव, पण चारही पायांना रबर असलेलं. पाणी आधी पायांवर, मग खांद्यावर. एकदम खांद्यावर घेतलं तर माणूस दचकतो आणि तोल जातो. उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. आपण हात पुढे करायचा आणि त्यांना धरू द्यायचं. माणसाला ओढलेलं आवडत नाही, धरलेलं चालतं. आणि न्हाणीघरातली कडी आतून काढून टाक.

हे मला कुठून कळलं असं विचारशील. कुठेतरी वाचलं.

शिट्टी वाजली. आलेच.

आले. कोचबाईंच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते. त्या हाक मारत नाहीत, शिट्टी मारतात, तलावावरची सवय. एक शिट्टी म्हणजे ये, दोन म्हणजे पळत ये. एकाच इमारतीत राहायचं म्हणजे एवढं करावंच लागतं ना.

ऑफिसात बाविसावा मजला झाला. माझ्याकडे माणसांचा एक डबा असतो. चालणारी, सायकलवाली, बाळाची गाडी ढकलणारी. परवा सगळा डबा टेबलावर ओतून पाहिला. काठीवाला एकही नाही. सरांना म्हटलं, एखादा म्हातारा घालूया का बाकावर? ते म्हणाले, अगं, गिऱ्हाइकाला ते बघायचं नसतं.

ताई, बाबांवर राग धरू नकोस. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

वायसर


२६ मार्च

ताई,

पत्र काल मिळालं. मोठ्या डॉक्टरांची दहा एप्रिलची वेळ मिळाली हे फार बरं झालं. कंपवातावर त्यांच्यासारखा हात या भागात दुसऱ्या कुणाचा नाही म्हणतात.

तू विचारलंयस, दोन दिवस तुझ्या घरी उतरलो तर चालेल का. नेमका त्याच आठवड्यात घराला रंग काढलाय गं. सामान सगळं हॉलमध्ये येणार, वास येणार, बाबांना त्रास होईल. दवाखान्याच्या जवळच एक स्वच्छ लॉज आहे. खालच्या मजल्यावरची खोली मी ठरवून ठेवते. स्टेशनवर न्यायला येईन.

घाईत आहे.

वायसर


२८ मार्च

ताई,

रंगाचं खोटं आहे.

परवाचं पत्र पेटीत पडलं आणि परत काढता येईना. आधीच्या पत्रांत जे झाकलं, ते आता एकदाच सांगून टाकते. मधे थांबले तर पुन्हा जमणार नाही.

घर माझ्या नावाने नाही. कोचबाई 'याच इमारतीत' राहतात म्हटलं, त्या याच घरात राहतात. मागची एक खोली माझी. भाडं कमी आहे कारण उरलेलं भाडं मी हातांनी फेडते. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, मागच्या वर्षी न्हाणीघरात पडल्या. सकाळी त्यांना उठवायचं, एक दिवसाआड अंघोळ घालायची, पायांना पट्ट्या बांधायच्या, संध्याकाळी साडेसातला थेंब, जेवण, मग चालवून आणायचं, बाल्कनीपर्यंत आणि परत. एजंटने हे सांगितलं तेव्हा मी एका मिनिटात हो म्हटलं. मला तो रस्ता हवा होता. कसाही.

म्हणजे बघ. जे काम करायला नको म्हणून मी आपल्या घरातून पळाले, तेच काम करून मी इथे राहते. हे तुला कुठल्या तोंडाने दाखवणार होते? तू दारात बाबांचा हात धरून उभी, आणि आतून परक्या बाईची शिट्टी.

आज सकाळी अंघोळीच्या वेळी कोचबाईंचा पाय सरकला. मी धरलं. त्यांना स्टुलावर नीट बसवलं, पाणी बंद केलं, खांद्यावर टॉवेल टाकला. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, 'तुझा हात सराईत आहे. आधी कुणाचं केलंयस?'

मी म्हटलं, 'कुणाचं नाही.'

एवढं सहज तोंडातून गेलं. चार वर्षं बाबांचा दोन्ही वेळ घास सावरला, बटणं लावली, दाढी केली, आणि मी म्हटलं, कुणाचं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण दिवसभर टेबलावर माझ्या हातून एकही खिडकी सरळ कापली गेली नाही, आणि पहिल्यांदाच बोटाला पट्टी लागली.

आता ते, जे खरं सांगायचं आहे.

बाबांनी मला जा म्हटलं नव्हतं.

त्या रविवारी मी खिडकीपाशी त्यांची दाढी करत होते. नोकरीचं पत्र माझ्या खिशात होतं, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. मी त्यांना सांगितलं. त्यांची मान हलत होती, म्हणून मी हनुवटी हातात धरून ठेवली होती. तोंडाला साबण तसाच, ते म्हणाले, 'थोडे दिवस थांबशील का? तुझ्या ताईला एकटीला जड जाईल.'

मी साबण पुसला, वस्तरा धुतला, आणि स्वयंपाकघरात येऊन तुला म्हटलं, 'बाबा म्हणतायत, जा.'

मधली भिंत केवढी पातळ आहे तुला माहीत आहे. त्यांना सगळं ऐकू गेलं. तू तशीच बाहेर गेलीस आणि विचारलंस, 'तुम्ही हिला जा म्हणालात?' मी ओट्याला धरून उभी होते. त्यांनी एकदा 'ही खोटं बोलतेय' म्हटलं असतं की संपलं होतं. ते म्हणाले, 'हो. म्हणालो.'

तीन महिने तू त्यांच्याशी कामापुरतं बोलतेयस. तीन महिने ते ऐकून घेतायत.

तू विचारशील, परक्या बाईचं करता येतं आणि बापाचं नाही? मी हे स्वतःला रोज विचारते. उत्तर बरोबर आहे की नाही माहीत नाही, पण आहे ते असं. कोचबाई पूर्वी कशा होत्या ते मी पाहिलेलं नाही. त्यांच्या गुडघ्यांनी काय केलं, किती मुलांना बुडताना ओढून काढलं, मला काही माहीत नाही. मला जे दिसतात ते दुखणारे दोन गुडघे, बस. बाबांचे हात मात्र मला माहीत आहेत. केसाएवढा फरक ते नखाने ओळखायचे. त्या हातातून चमचा पडला की मला चमचा उचलायचा नसायचा, खोलीतून पळायचं असायचं. तूही हे सगळं पाहिलंस. तू पळाली नाहीस. म्हणजे ही काही सबब नाही.

लॉज ठरवू नकोस. मीही ठरवत नाही. कोचबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, दोन दिवस हॉल मोकळा आहे, आणि तुझ्या बहिणीला माझ्यासमोर तुला ओरडायचं असेल तर माझी हरकत नाही.

यायचं की नाही ते तू ठरव. पण हे वाचून झालं की आधी बाबांशी बोल.

धाकटी


१८ एप्रिल

ताई,

दोन दिवस तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मीठसुद्धा बाबांकरवी मागितलंस, आणि ते त्यांच्याच हाताशी होतं. माझी तक्रार नाही. तू बाबांच्या शेजारी बसून त्यांच्याशी इतकं बोलत होतीस, तेवढं ऐकायला मिळालं. तुम्ही दोघं असे हसताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी तू रिपोर्ट आणायला दवाखान्यात गेलीस तेव्हाचं सांगायचं राहिलं. कोचबाई चालायची चौकट ठोकत हॉलमध्ये आल्या आणि बाबांच्या समोर बसल्या. ओळख ना पाळख, सरळ विचारलं, 'हात कधीपासून?' बाबा म्हणाले, 'चार वर्षं. तुमचे गुडघे?' 'सहा.' मग शाळेत मुलं ढोपरं दाखवतात तसं दोघांचं चाललं. कोण कुठे पडलं, कुणाला कुठल्या गोळीने मळमळतं. बाबा डॉक्टरांशी जेवढं बोलले नाहीत तेवढं त्यांच्याशी बोलले. कोचबाई म्हणाल्या, तुमच्या धाकटीचा हात चांगला आहे. बाबा म्हणाले, 'हात माझाच आहे तो. ठेवायला तिच्याकडे दिलाय.'

मी आत निघून गेले. थोड्या वेळाने गरम पाणी आणि वस्तरा घेऊन आले आणि विचारलं, करू? त्यांनी टॉवेल स्वतः गळ्याभोवती घेतला. निसटला, पुन्हा घेतला. मी मदत केली नाही. बाल्कनीत खुर्ची टाकली, खाली रस्ता नेहमीसारखा गजबजलेला. कुठेही कापलं नाही.

तुम्ही गेल्यावर मी कोचबाईंना विचारलं, बाबा इथे राहिले तर? मी दोघांचं करेन.

त्या म्हणाल्या, 'नाही.'

मग त्यांनी समजावलं. 'दोन आजारी माणसं एका मुलीच्या अंगावर घालायला मी तयार नाही. आणि खरं सांगू? सकाळी उठून मला दुसऱ्याचं कण्हणं ऐकायचं नाही. माझं मला पुरतं.'

आधी राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी फक्त गोळ्यांच्या वेळांपुरतं बोलले, अगदी तुझ्यासारखी. मग लक्षात आलं, की त्या बाईने माझ्या तोंडावर नाही म्हटलं आणि तरी दुसऱ्या दिवशी शिट्टी मारून मला चहाला बोलावलं. डिसेंबरात मलाही तेवढंच करायचं होतं. बाबांना तोंडावर सांगायचं, की नाही, मला जायचंय. ते रडले असते, तू चिडली असतीस, आणि तिघं ते धरून बसलो असतो. त्यात पाप नव्हतं. मी माझं 'नाही' बाबांच्या तोंडी घातलं, ते पाप.

म्हणून आता सरळ विचारते. बाबांना सहा महिने माझ्याकडे पाठव. इथे नाही, मी दुसरं घर बघते, तळमजल्याचं. हॉस्पिटलला फोन करून विचार, ती जागा अजून भरली नसेल तर रुजू हो. उपकार म्हणून म्हणत नाहीये. सहा महिन्यांनी आपण दोघी बसून पुढचं ठरवू, भांडून का होईना.

'होऊन जाईल'ला निरोप दिलाय. या वेळी मी त्याला म्हटलं, रस्ता कुठलाही चालेल, पायऱ्या नकोत.

वायसर


२३ जून

ताई,

तुझी पत्रं बाबांच्या नावाने येतात, पण वाचून मी दाखवते, आणि ते तुला माहीत आहे. मागच्या पत्रात शेवटी होतं, 'वाचणारीने स्वतःच्या जेवणाच्या वेळा पाळाव्यात.' मी ते वाक्य बाबांना वाचून दाखवलं नाही. माझ्यापाशी ठेवलं.

हॉस्पिटलमधलं ऐकून बरं वाटलं. गोळ्यांच्या कप्प्यांवर तू सगळ्यांना नव्याने नावं लिहायला लावलीस म्हणे. तिथल्या लोकांची मला दया येते.

घराबद्दल तू काहीच विचारत नाहीस, तरी सांगते. दोन खोल्या, एक छोटं अंगण, पायरी फक्त एक, तीही आम्ही फळी टाकून उताराची केली. आसपास कॉफीचं एकही दुकान नाही. पंक्चरवाला आहे, एक शाळा आहे, एक दुकान आहे जिथे कुलपं आणि अंडी दोन्ही मिळतात. आठ वाजले की सगळं सामसूम. ऑफिसला जायला पन्नास मिनिटं. सरांनी माणसं आणि झाडं रंगवायचं काम घरी न्यायला परवानगी दिलीय, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस मी घरीच असते. बाकी दोन दिवस समोरच्या काकू सकाळीच येऊन बाबांसोबत बसतात. त्या आणि बाबा रेडिओच्या आवाजावरून भांडतात.

सगळं गोड चाललंय असं समजू नकोस. पहिले तीन दिवस बाबा फक्त घरी जायचं म्हणत होते. एकदा चमचा भिंतीवर फेकला. एकदा मी ओरडले, इतक्या जोरात की समोरच्या काकू दारात आल्या. मग मी अंगणात जाऊन उभी राहिले. आत गेले तेव्हा ते म्हणाले, 'आवाज आईवर गेलाय तुझा.' डॉक्टरांनी वेळा बदलून दिल्यापासून सकाळचे दोन तास मात्र हात बरा असतो. मी रंगवत असते, ते चष्मा लावून शेजारी बसतात आणि चुका काढतात. काल म्हणाले, हा सायकलवाला अर्धा मिलिमीटर डावीकडे कललाय. मोजला. कललेला होता.

बुधवारी आणि शुक्रवारी ऑफिसच्या आधी कोचबाईंकडे जाऊन त्यांची अंघोळ आटोपून देते. भाड्याशी याचा काही संबंध नाही. माझ्या खोलीत आता एक बँकेतली मुलगी आलीय, तिचं नाव त्यांनी 'बुडणारी' ठेवलंय. गिटारवाला अजून तिथेच बसतो. तो रस्ता मला अजून आवडतो, ताई. बसमध्ये चढताना दर वेळी वाटतं, आपण थोडं लवकर म्हातारे झालो का. मग बसायला जागा मिळते आणि मी झोपते.

एक गोष्ट लिहायची म्हणून हे पत्र काढलंय. ती शेवटी आली.

परवा बटणं लावताना मी बाबांना विचारलं, त्या दिवशी तुम्ही ताईला 'हो, म्हणालो' असं का सांगितलं? मला खोटं का पाडलं नाही?

तिसरं बटण लागल्यावर ते म्हणाले, 'माझ्यावरचा राग किती दिवस पुरणार? मी गेलो की संपला. तुम्ही दोघी एकमेकींवर चिडलात तर ते जन्मभर पुरतं. मी हिशोब केला.'

मी म्हटलं, पण मी सांगून टाकलं तिला. आता ती माझ्यावर चिडली.

'हो ना,' ते म्हणाले. 'सगळं काम बिघडवलंस.' आणि हसले. आणि मग हसत नव्हते.

तू राग सोड असं मी म्हणत नाही. जितका आहे तितका ठेव, तुझ्या हक्काचा आहे. पण तो घेऊनच ये. बाबा दर रविवारी सकाळपासून दाराकडे तोंड करून बसतात, आणि मी विचारलं तर उजेड चांगला येतो म्हणतात.

स्टेशनसमोरून चाळीस नंबरची बस पकड. शेवटच्या थांब्यावर उतरायचं. त्याच्यापुढे बस जातच नाही, तेव्हा चुकायची भीती नाही. आम्ही थांब्यावर असू. बाबांना तिथवर चालायला वीस मिनिटं लागतात, म्हणून कुठल्या बसने येतेस ते आधी कळव.

वायसर